श्रीमंतीचे इंग्रजी

दुसऱ्याची श्रीमंती मनापासून आवडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. शेजाऱ्याच्या परड्यात नवी म्हैस आली की यांची मान ताठ होई. तंबाखूचा भाव वाढल्याची बातमी आली की, स्वतःच्या नावावर तंबाखूचे एक रोपही नसताना, हे गृहस्थ कोटाची बटणे लावून बाजारातून एक फेरी मारून येत आणि "औंदा लोक सुटले म्हणायचं!" असे आत्याला सांगत. त्यावर आत्या चुलीपुढून विचारी, "आन् आपण?" "आपण बघायला हाय की," असे ते उत्तर देत, आणि तेवढे त्यांना खरोखरच पुरत असावे. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणण्याची रीत आहे, म्हणून मीही पुढे त्यांना मामाच म्हणेन. माझ्या तोंडी दुसरा शब्द येणारही नाही.

मामांची उभी हयात बेळगावच्या कॅम्पात, लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये वाढपी म्हणून गेली. निवृत्त होऊन ते निपाणीला, वखारींच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांच्या घरात राहायला आले, तेव्हा सत्तरचे दशक नुकते सुरू झाले होते. एवढ्या वर्षांच्या नोकरीतून त्यांनी काय आणले, हे पाहायला सारी गल्ली जमली होती असे आत्या सांगते. ट्रंकेतून निघाले ते असे: पितळी बटणांचा एक पांढरा कोट, सोनेरी काठाच्या कपबश्यांचा निरोपादाखल मिळालेला एक जोड, आणि एक पांढरा रुमाल. ट्रंकेत न मावणारी एक चौथी वस्तूही त्यांच्यापाशी होती. ती म्हणजे त्यांचे इंग्रजी.

हे इंग्रजी एका विशिष्ट वेळी शिकलेले होते. मेसमध्ये जेवण चालू असताना वाढप्याला उसंत नसते, तो ऐकणार कधी? परंतु शेवटचा गोड पदार्थ एकदा ताटात पडला की त्याने साहेबांच्या खुर्चीमागे निमूट उभे राहायचे असते. मामा सांगत, "साहेब लोक सूप पिताना हवेवर बोलत्यात, मटण खाताना बदलीवर, आणि पुडिंग आलं की दुसऱ्याच्या सासऱ्याच्या पैशावर." वर्षानुवर्षे मामांनी केवळ पुडिंगच्या वेळचे इंग्रजी ऐकले. त्यामुळे 'आज पाऊस येईल काय' एवढे साधे वाक्य त्यांना इंग्रजीत सांगता येत नसे. परंतु एखाद्याकडे पैसा आहे, बरा आहे, फार आहे, सांगण्यापलीकडे आहे, हे सांगण्याच्या जितक्या म्हणून घरगुती तऱ्हा त्या भाषेत असतील तितक्या त्यांना मुखोद्गत होत्या. मी पुढे बेळगावला महाविद्यालयात इंग्रजी घेऊन शिकलो, परंतु त्यांतल्या निम्म्या माझ्या पाठ्यपुस्तकांत कुठे आल्या नाहीत.

मेस सुटली तरी मेसची शिस्त मामांच्या अंगातून गेली नाही. त्यांचा डावा हात कोपरात वाकलेलाच असे, जणू त्यावर अजून रुमाल टाकलेला आहे. बाजारातून भाजी आणतानाही पिशवी उजव्या हातात आणि डावा हात तसाच अधांतरी. घरी आत्या दमली असली की ते स्वतः वाढत, आणि पिठले-भाकरी असली तरी ती डाव्या बाजूने वाढली जाई व रिकामे ताट उजव्या बाजूने उचलले जाई. माणूस भिंतीला टेकून बसलेला असेल तर त्याला जरा पुढे सरकायला सांगून ते त्याच्या पाठीमागून फेरी पूर्ण करीत. आत्या म्हणे, "अवो, खायाला घालताय का कवायत करताय?" घरातले कुत्रेही या शिस्तीतून सुटले नव्हते. त्याचे नाव मेजर होते, आणि त्याचीही थाळी डाव्या बाजूने पुढे येई. "मेजर, बाजूला हो की रं मुडद्या," असे आत्या ओरडली की मामांचा चेहरा क्षणभर कसनुसा होत असे.

श्रीमंतीच्या इंग्रजी शब्दांची मामांनी एक उतरंड लावली होती. सर्वांत खाली 'वेल ऑफ'. घरी दुभते आहे, दावणीला बैलजोडी आहे आणि पाहुण्याला दुसऱ्यांदा चहा विचारताना बाईच्या आवाजात फरक पडत नाही, ते घर वेल ऑफ. त्याच्या वर 'लोडेड': येथे लोखंडी कपाट, रेडिओ आणि विहिरीवर इंजिन लागे. त्याच्या वर 'रोलिंग इन इट', म्हणजे स्वतःची वखार, आणि बाहेरगावी जायला जीप. लग्नात रात्रभर फटाके उडवणाऱ्यांसाठी 'मनी टू बर्न' असा एक शब्द होता, परंतु तो बढतीचा नव्हे, शेऱ्यासारखा वापरला जाई. आणि सर्वांच्या शिखरावर 'फिल्दी रिच'. हा शब्द मामा तोंडापुढे हात धरून, आवाज उतरवून उच्चारीत. साऱ्या निपाणीत तो त्यांनी एकाच व्यापाऱ्याला बहाल केला होता, आणि असे सांगतात की तो व्यापारी दिवाळीला मामांना मुद्दाम घरी बोलावून, चार पाहुण्यांदेखत, "सांगा बघू मामा, आमी कोण ते," असे विचारीत असे.

ही उतरंड सगळ्या गल्लीला पाठ झाली होती. विड्या वळायला बसलेल्या बायकांचे बोलणे मी माझ्या कानांनी ऐकले आहे. "कुठं दिलीस गं पोरगी?" "चिकोडीकडं." "काय म्हणले मामा?" "वेल ऑफ." "बरं हाय की. माझ्या नंदंची तर लोडेडात पडल्या." "व्हय? मग नाक वर असंल तिचं!" बारशाला मामांना अगत्याने बोलावणे येई. पाळण्यापाशी उभे राहून, डावा हात वाकवून ते मोठ्याने म्हणत, "बॉर्न विथ अ सिल्व्हर स्पून!" तोंडात चांदीचा चमचा घेऊनच आलंय, असे लगेच भाषांतरही करीत. बाळ वखारवाल्याचे असो की विड्या वळणारीचे, त्यांनी या बाबतीत कधी उतरंड लावली नाही. मी एकदा भीत भीत विचारले की असे सरसकट कसे म्हणता येईल. ते म्हणाले, "बापू, अजून त्येनं तोंड कुठं उघडलंय? असंल की आत."

कॉलेजात असताना मी त्यांच्या संग्रहात भर घालण्याचा एक प्रयत्न केला होता. दारिद्र्यासाठीही इंग्रजीत तसेच चटकदार शब्दप्रयोग आहेत आणि ते मी त्यांना शिकवीन, असे मी सुचवले. मामांनी बशीतला चहा खाली ठेवला. "नको," ते म्हणाले. "मेसमधी त्ये कुणी टेबलावर आणलं न्हाय. आन् त्येला आपलं मराठी हाय की. लई हाय."

आता उतरंड लावायला घरे पाहावी लागतात, आणि ती पाहण्याचे मामांना एक हक्काचे निमित्त होते. आमच्या भागात सोयरीक ठरवण्यापूर्वी मुलीकडचे लोक एखाद्या जाणत्या माणसाला मुलाच्या गावी पाठवून स्थळाची गुपचूप चौकशी करीत. ठरलेल्या दिवशी पाहुणे म्हणून जाऊन जे दिसते ते मांडून ठेवलेले असते, म्हणून ही आगाऊ फेरी. मामा या कामासाठीच जन्माला आले होते. कोट घरी ठेवून, धोतर-पैरण घालून ते सकाळच्या गाडीने निघत, वाटसरूसारखे त्या दारात उभे राहून पाणी मागत आणि पाणी पिऊन होईपर्यंत घर वाचून मोकळे होत. पाणी कोणत्या भांड्यात आले, ते भांडे घरातून आले की शेजारून, धान्याची कणगी बोटाने वाजवल्यावर कशी बोलते, हे सारे ते पाहत. त्यांचा सर्वांत मोठा भरवसा मात्र मुक्या जनावरांवर होता. म्हैस उसनी आणून बांधता येते. परंतु घरधनिणीने हाक मारली की घरची म्हैस मान वळवून बघते, उसनी रस्त्याकडे बघत राहते. रेडिओही उसना आणता येतो. परंतु ज्या घरचा रेडिओ त्या घरच्या कुत्र्याच्या कानाला तो सरावाचा असतो. रेडिओ लागल्यावर कुत्रे भुंकले, की मामा पाण्याचे भांडे खाली ठेवून निघत. घरी आल्यावर एका वाक्यात अहवाल मिळे: "दिसतंय लोडेड, पण कुत्रं भुंकतंय."

या कामाचा त्यांनी कधी मोबदला घेतला नाही. चहा घेत, तोही बशीतून. त्यांच्या शब्दावर गल्लीतल्या किती मुली चांगल्या घरी पडल्या ते गल्लीलाच ठाऊक. काही ठिकाणी त्यांच्या शब्दावर सोयरीक मोडलीही. कोगनोळीजवळच्या एका खेड्यातला भैरू नावाचा शेतकरी अशांपैकी. त्याच्या परड्यातल्या म्हशीने भैरूच्या आईकडे ढुंकूनही पाहिले नाही, आणि मामांनी तसे येऊन सांगितले. लग्न फिरले. पुढे हे कुणामुळे झाले ते कळल्यावर भैरू निपाणीच्या बाजारात मामांना आडवा आला. भांडण होणार म्हणून लोक जमले. भैरू म्हणाला, "मामा, म्हस उसनी हुती. पण मी तर खरा हुतो न्हवं?" मामा म्हणाले, "चल, चहा पिऊ." त्यानंतर दोन हंगामांच्या आत मामांनी स्वतः खटपट करून भैरूचे लग्न लावून दिले. मुलीकडच्यांना त्यांनी सांगितले की घर अजून वेल ऑफ नाही, पण माणूस वेल ऑफ होणाऱ्यांतला आहे. उतरंडीत न बसणारी अशी पायरी त्यांनी फक्त त्या एकदाच काढली.

मामांना एकच मुलगी, शाला. ती गल्लीतल्या बालवाडीत शिकवी. तिचे हसणे असे होते की ती घरात हसली तर गल्लीच्या टोकाला पानपट्टीवर उभ्या असलेल्या माणसाला आपण काही विनोद चुकवला असे वाटावे. ती उपवर झाली तेव्हा पहिले स्थळ बरे आले. एके दुपारी एक अनोळखी माणूस दारात येऊन पाणी मागून गेला. घरात पाणी द्यायला शालाच होती. त्यानंतर त्या स्थळाकडून काही कळले नाही, आणि या वेळी फेरी मुलाकडून झाली हे सगळ्यांना समजले. आत्या रडली. मामा मात्र आश्चर्य वाटावे इतक्या शांतपणे म्हणाले, "माणसानं रिपोर्ट बरोबर दिला असणार. मी असतो तरी हेच सांगितलं असतं." शाला त्या दिवसापासून हसायची थांबली. म्हणजे ओठांनी हसे, पण पानपट्टीवर ऐकू जाईना.

दुसरे स्थळ आले ते खानापूरकडचे. मुलगा बेळगावला सरकारी कचेरीत होता आणि निपाणीला एका लग्नात त्याने शालाला पाहिले होते. त्याचे मन होते, आणि तिचेही असावे, कारण त्या दिवसांत तिने बालवाडीच्या पोरांना एक दिवसही दटावले नाही. परंतु मुलाची आई लहानपणीच गेलेली, चुलतीने त्याला वाढवलेले, आणि चुलती म्हणेल ते त्या घरात होई. ती येऊन घर बघणार होती. हेही फिरले तर शालाचे काय होईल हा प्रश्न घरात कुणी तोंडातून काढत नव्हते. आत्याने एवढेच सुचवून पाहिले की शेजारची चार पितळी भांडी तरी आणावीत. मामांनी मान हलवली. "जलमभर दुसऱ्याची उसनी म्हस धरली मी. आता सोताच्या दारात बांधू? हाय ते दिसू दे. हाय तेवढंच दिसू दे."

मदतीला म्हणून मी आदल्या दिवशीच बेळगावहून गेलो होतो. सकाळी मामा पांढरा कोट चढवून पाहुण्यांना आणायला स्टँडवर गेले, आणि ते वळण घेऊन दिसेनासे होताच समोरच्या घरातली बाई एक भला थोरला पितळी हंडा घेऊन आली. "आक्का, ह्यो ठेवा कोपऱ्यात. मामांना काय सांगू नका." आत्या नको म्हणेपर्यंत पलीकडची रेडिओ घेऊन आली. मग दुसरीकडून दुसरा रेडिओ आला, मग तिसरा. प्रत्येकीला वाटत होते की हे फक्त आपल्यालाच सुचले आहे. कुणी भिंतीवरचे घड्याळ काढून आणले. ते टांगून होते न होते तोच दुसरे आले, आणि एकाने नऊचे ठोके दिले तर दुसऱ्याने लगेच अकराचे. एक लोखंडी कपाट दारातून आत जाईना, तेव्हा ते अंगणातच तुळशीशेजारी उभे राहिले. वखारीतून एक सोफा आला. पोत्यांवर पोती आली. आत्या मधोमध उभी राहून म्हणत होती, "अगं बायानु, काय ह्ये! ते बघितले तर मला खातील!" त्यावर उत्तर एकच: "गप बसा आक्का. आमच्या पोरींच्या येळंला मामा उन्हातनं गेलते न्हवं? आता आमाला करू दे." सर्वांत शेवटी भैरू आला. तो कोगनोळीकडून पहाटे निघून, चालत, आपली म्हैस घेऊन आला होता. तिला खुंट्याला बांधून त्याने मला बोलावले आणि सांगितले, "बघा हं सायेब, सोताची हाय. हाक मारतो, मागं वळून बघती का न्हाय बघा." त्याने हाक मारली. म्हैस वळली. भैरूचा चेहरा उजळला.

या साऱ्या वैभवाच्या मध्यभागी मेजर मात्र वेडा झाला होता. कुणीतरी तिन्ही रेडिओ चालतात की नाही ते बघायला एकदम लावले. एकावर कन्नड भावगीत, दुसऱ्यावर मराठी बातम्या, तिसऱ्यावर नुसती खरखर. मेजर एकावर भुंके, वळून दुसऱ्यावर भुंके, मध्येच कपाटावर धावून जाई. आणि नेमके त्याच वेळी मामा पाहुण्यांना घेऊन अंगणात आले.

मागे चुलतीबाई, हिरव्या लुगड्यातल्या, बारीक डोळ्यांच्या. त्यांच्यामागे मुलाकडचे दोन अबोल पुरुष. मामा उंबऱ्यात थांबले. त्यांनी सोफा पाहिला, हंडा पाहिला, दोन घड्याळांत वाजलेल्या दोन वेगळ्या वेळा पाहिल्या. मग त्यांनी मेजरकडे पाहिले. आयुष्यात त्यांनी जितकी कुत्री ऐकली होती ती सगळी त्या क्षणी त्यांच्या दारात भुंकत असावीत. मी धावत जाऊन रेडिओ बंद केले, पण मेजर थांबेना. दाराबाहेर गल्ली जमली होती. आतल्या खोलीच्या दाराला शाला उभी होती. तिचा पदर तेवढा मला दिसत होता.

पाहुणे सोफ्यावर बसले. मामांनी त्यांना पाणी दिले, अर्थात डाव्या बाजूने. चुलतीबाईंनी घरभर नजर फिरवली आणि सावकाश म्हणाल्या, "घर भरलेलं हाय की तुमचं."

एवढ्यावर मामा गप्प बसले असते तरी चालले असते. खोटे त्यांनी बोललेले नव्हते आणि आणलेलेही नव्हते. त्या पदराकडे एकवार पाहून मामा क्षणभर घुटमळले, हे मी पाहिले. मग त्यांनी कोटाचे वरचे बटण लावले, डावा हात कोपरात वाकवला, आणि मेसमध्ये मोठ्या साहेबांपुढे पाहुण्यांची नावे पुकारावीत तशा आवाजात सुरुवात केली.

"बाई, ह्यो हंडा समोरच्या आक्कांचा. वेल ऑफ. ह्यो रेडिओ पलीकडल्यांचा. त्येंचा थोरला मिल्ट्रीत हाय. वेल ऑफच, पण औंदा लोडेड हुतील. ह्ये कपाट, त्ये बाहीर, कोपऱ्यावरल्यांचं. लोडेड." प्रत्येक वस्तूपाशी ते थांबत होते आणि मालकाचे नाव घेताना किंचित झुकत होते. दाराबाहेर आपापली पायरी ऐकून बायका पदर सावरून घेत होत्या. जिच्या रेडिओची खरखर झाली होती ती तेवढी मागे सरली. "तुमी बसलाय त्यो सोफा वखारीच्या मालकांचा. रोलिंग इन इट. आन् ही म्हस," मामा परड्याच्या दारात गेले, "ही भैरूची. सोताची." इथे ते जरा जास्तच झुकले. "वेल ऑफ." बाहेर भैरू पटक्याच्या टोकाने डोळे पुसू लागला.

चुलतीबाई हे सगळे ऐकून घेत होत्या. अक्षर न् अक्षर कळले नसेल, पण काय चालले आहे ते त्यांना पुरते कळत होते. त्या म्हणाल्या, "ह्ये त्येंचं, त्ये त्येंचं. मग तुमचं काय?"

इतक्या वर्षांत मामांना शब्दासाठी अडलेले मी प्रथमच पाहत होतो. दोन खोल्या, एक बाज, दोन कपबश्या. त्याला त्यांच्या उतरंडीत पायरीच नव्हती. शेवटी ते म्हणाले, "ते कुत्रं भुंकतंय न्हवं? तेवढं आमचं."

आणि आतल्या खोलीतून शाला हसली. दाबून दाबून ठेवलेले, वर्षभराचे हसणे एकदम फुटले. ते पानपट्टीपर्यंत गेले असेल यात मला शंका नाही.

चुलतीबाईंनी मान वर केली. "ती कोण हसली?"

"पोरगी," मामा म्हणाले. "ती बी आमचीच."

"मग एवढं भरलेलं घर सोडून ती तेवढीच कशाला लपवून ठिवलीय?" चुलतीबाई उठल्या आणि आत जायला निघाल्या. दारात थांबून म्हणाल्या, "कुत्रं ऱ्हाऊ दे तुमच्याकडं. पोरगी द्या आमाला."

लग्न त्याच हंगामात झाले. उसन्या वस्तू त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आपापल्या घरी परतल्या, फक्त कपाट जाताना आणखी एका दारात अडकले. गल्ली कितीतरी दिवस हसत होती. मामांना कुणी त्यावरून चिडवले की ते म्हणत, "चूक माझीच. एवढ्या लोकान्ला श्रीमंत केलं, आता त्ये कुठं ठिवणार?"

ऐंशीनंतर चौकश्यांचे काम हळूहळू आटले. मुलांच्या घरी मोटारसायकली आल्या, लोक थेट बेळगावला जाऊन मुलाची नोकरी बघून येऊ लागले, आणि वाटसरू म्हणून दारात पाणी मागणाऱ्या म्हाताऱ्याकडे संशयाने पाहण्याचे दिवस आले. टीव्ही लागला तरी कुत्री भुंकत नाहीत, अशी मामांची तक्रार होती. बारशाचे बोलावणे तेवढे येत राहिले. मेजरही म्हातारा होऊन गेला. मामांनी त्याला परड्यात लिंबाखाली पुरले आणि त्या दिवशी कोट घातला होता, असे आत्याने मला सांगितले.

त्यांची शेवटची चौकशी त्यांना कुणी सांगितलेली नव्हती. एकदा ते काही न कळवता बेळगावला माझ्याकडे आले, रात्री राहिले, आणि सकाळी कोट माझ्या खुंटीला अडकवून, धोतर-पैरणीवर खानापूरच्या गाडीने गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा चपलांना तिकडच्या भातखाचरांचा लाल चिखल होता. मी चहा केला. त्यांनी तो बशीत ओतला आणि गार होण्याची वाट पाहत बसले. शेवटी मीच विचारले, "शालाकडे गेला होता ना? भेटली?"

"भेटली की. जेवाय घालूनच सोडलं. पर आधी दारात हुबा ऱ्हाऊन पाणी मागितलं. आवाज बदलून."

"मग? काय रिपोर्ट, मामा? वेल ऑफ की लोडेड?"

मला वाटले होते, आता उतरंडीतला एखादा शब्द येईल, कदाचित तोंडापुढे हात धरून. मामांनी बशी उचलली, पुन्हा खाली ठेवली.

"ती आतनं 'आले, आले' म्हणाली," ते म्हणाले, "आन् दावणीची म्हस वैरण सोडून तिच्याकडं वळून बघाय लागली." त्यांनी बशी पुन्हा उचलली. "आमच्याकडं हुती तवा मेजर बघायचा."

मग त्यांनी चहा पिऊन टाकला, उठले, आणि माझा रिकामा कप माझ्या उजव्या बाजूने उचलून आत नेला.